राधेय कर्ण

महाभारताची कथा एकच; परंतु ती सांगणारा कोणाच्या बाजूला उभा राहतो, यावर तिचा नायक ठरतो. भिलाईच्या रिसाली भागात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सहज पटेल. त्या परिसरात पंडवानी रंगते. जवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाई (पद्मविभूषण, २०१९) यांनी हातातल्या तंबूऱ्याचीच गदा करून जी कथा देशोदेशी नेली, तिचा लाडका वीर भीम आहे. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीचा नायक मात्र कर्ण आहे. याच भीमाने त्याला भर रंगणात हिणवले होते.

तो प्रसंग आदिपर्वातला. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. एवढ्यात काठी टेकीत वृद्ध अधिरथ येतो आणि अभिषेकाने ओले झालेले मस्तक कर्ण या सारथ्याच्या पायांवर ठेवतो. भीम हसतो, हाती चाबूक घे, म्हणतो.

कर्णाला अनाथ म्हणावे का? जन्मदात्रीने त्याला नदीत सोडले हे खरे. पण अधिरथ-राधेच्या घरी मायेला तोटा नव्हता. उणीव होती ती घराबाहेरच्या मान्यतेची. ती दुर्योधनाने दिली आणि तिचे मोल कर्ण जन्मभर फेडीत राहिला.

सावंतांनी ही कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून वदविली आहे. ज्या आईने मूल टाकले, तिलाही येथे स्वतःची बाजू मांडता येते. शोण हा राधेचा मुलगा, कर्णाचा धाकटा भाऊ. रक्ताचे नाते नसूनही तो सख्ख्याहून जवळचा आहे.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. तू ज्येष्ठ पांडव, राज्य तुझे. ज्या कुळाच्या अभावी रंगणात मान खाली गेली, ते आता आपण होऊन दारी येते. कर्ण नकार देतो. मागाहून कुंती येते. तिचे पाच पुत्र उरतील, त्यांत एक तर अर्जुन असेल किंवा आपण, एवढाच शब्द तो तिला देतो.

या नकारात दुर्योधनाच्या मैत्रीचे ऋण किती आणि राधेची माया किती? कृष्णाला उत्तर देताना कर्ण दोन्ही सांगतो. त्याला पाहताच राधेला पान्हा फुटला होता, हे तो आधी सांगतो. दुर्योधनाचे नाव नंतर येते.