आग लागलेली नदी पुन्हा जिवंत झाली



नदीला कधी आग लागते का? पाण्याने आग विझते, हे लहान मूलही सांगेल. पण 22 जून 1969 रोजी, रविवारच्या दिवशी, अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीने खरोखरच पेट घेतला. पाण्यावर तेलाचा थर साचला होता, त्यात लाकडे व कचरा अडकला होता. पुलावरून जाणाऱ्या आगगाडीची ठिणगी पडून तो पेटला असावा, असे मानले जाते. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. रेल्वेच्या दोन पुलांचे नुकसान झाले.

शहरातील लोकांना याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. कारण ही नदी पहिल्यांदाच पेटली नव्हती. 1868 पासून ती दहा-बारा वेळा तरी पेटली होती. 1912 च्या आगीत पाच माणसे मरण पावली. 1952 च्या आगीत दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले. पोलादाचे कारखाने, तेलशुद्धीचे कारखाने आणि शहराची गटारे, सर्वांचे पाणी नदीतच जात होते. ‘कारखाने आहेत म्हणून पोटाला भाकर आहे, नदी घाण होणारच’ अशी लोकांची समजूत होती. आज आपण याच नदीचा अभ्यास करू या.

1. नदी कशी मरते?

नदीत सांडपाणी गेले की त्यातील घाण कुजू लागते. ती कुजवणारे सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू वापरतात. प्राणवायू संपला की मासे गुदमरतात. त्यावर तेल पसरले तर हवेतील प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही. 1960 च्या दशकात अ‍ॅक्रन आणि क्लीव्हलंड या दोन शहरांच्या मधल्या भागात मासे जवळजवळ उरलेच नव्हते. आणि ही नदी ज्या ईरी सरोवराला मिळते, त्याच सरोवराचे पाणी क्लीव्हलंडचे लोक पितात! म्हणजे घाण दुसरीकडे जात नव्हती, ती फिरून आपल्याच दारी येत होती.

2. बदल कसा झाला?

त्यावेळी क्लीव्हलंडचे महापौर कार्ल स्टोक्स होते. मोठ्या अमेरिकन शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. आगीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रकारांना नदीकाठी नेले आणि घाण कोठून येते ते प्रत्यक्ष दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1968 मध्ये, शहरातील नागरिकांनी नदीच्या स्वच्छतेसाठी दहा कोटी डॉलरचे कर्ज उभारण्यास मतदान करून मान्यता दिली होती. हे आपण विसरता कामा नये. आगीने देशाला जाग आली हे खरे, पण शहरातील सामान्य माणूस त्याआधीच जागा झाला होता.

1972 मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. नळीवाटे नदीत पाणी सोडायचे असेल तर परवाना हवा, आणि किती घाण चालेल याला मर्यादा हवी, असा नियम आला. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मोठी केंद्रे उभी राहिली. हे काम एका दिवसात झाले नाही. पन्नास वर्षांनी, 2019 मध्ये, या नदीतील मासे खाण्यावरचे निर्बंध ओहायोच्या सरकारने सैल केले. आज नदीत सत्तरहून अधिक जातींचे मासे आहेत. बगळ्यांच्या वसाहती आल्या, आणि अनेक दशकांनंतर गरुडांनीही काठावर घरटे बांधले.

3. लोकांना काय मिळाले?

या दोन शहरांमधील नदीचे खोरे 1974 मध्ये सरकारने राखीव केले. 2000 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे प्रवेश शुल्क नाही. वर्षाला वीस लाखांहून अधिक लोक येतात. पूर्वी तेथे एक कालवा होता. काठावरून खेचरे चालत आणि होड्या ओढत. 1913 च्या पुरात कालवा मोडला. त्याच खेचरांच्या वाटेवर आता लोक पायी व सायकलने फिरतात. थकलेल्या सायकलस्वाराला सायकलसह घेऊन परतणारी आगगाडीही आहे. आजीआजोबा, लहान मुले, अपंग माणसे, सर्वांना नदीकाठी मोकळी हवा मिळते.

उद्यानातील ओस पडलेली जुनी शेते 1999 पासून शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाऊ लागली. क्लीव्हलंडच्या भागात आजही मोठी मालवाहू जहाजे पोलाद कारखान्याकडे जातात आणि त्याच पाण्यात तरुण मुले वल्ह्यांच्या होड्या चालवतात. नदी स्वच्छ करायची तर रोजगार बुडवावाच लागतो, ही भीती येथे खोटी ठरली.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या नदीकाठी माणसे रोज फिरतात, त्या नदीला पहारेकरी मिळतात. पाण्याचा रंग बदलला, वास आला, मासे तरंगले, तर त्यांनाच आधी कळते. ज्या नदीकडे आपण पाठ फिरवतो, तिच्यात रात्री कोणी काय सोडले हे कोणालाच कळत नाही. म्हणून विरंगुळा ही चैन नव्हे. तो राखणदारीचाच एक मार्ग आहे.

4. किंमत कोणी मोजली?

खरे सांगायचे तर सर्वांनाच हे सुखाचे गेले नाही. राखीव क्षेत्रासाठी सरकारने खोऱ्यातील शेकडो घरे विकत घेतली. कित्येक कुटुंबांना पिढ्यान् पिढ्यांचे घर सोडावे लागले आणि त्यांचा सल राहिला. सांडपाण्याच्या नव्या बोगद्यांचा खर्च आजही शहरवासी आपल्या बिलातून भरत आहेत. 2011 मध्ये सुरू झालेली ही योजना 25 वर्षांची आहे. जोराचा पाऊस झाला की अजूनही सांडपाणी नदीत येते, आणि त्या दिवसांत पाण्यात उतरू नये असे सांगितले जाते. सर्वांचे हित साधताना ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे पाहणेही आपले काम आहे.

5. आपल्यासाठी धडा

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 मधील ‘लौदातो सी’ या परिपत्रकात शिकवले आहे की, पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. शहरातील सुंदर, हिरव्या जागा ठरावीक लोकांसाठी राखल्या जातात आणि गरिबांच्या वस्तीला त्या मिळत नाहीत, याबद्दलही त्यांनी खंत व्यक्त केली आहे. कायाहोगाची वाट सर्वांना खुली आहे, हे म्हणूनच मोलाचे.

आपल्या वसईला मिळणारी खाडी म्हणजे उल्हास नदीचाच एक फाटा. कर्जत, बदलापूर, कल्याणहून येणारे पाणी आपल्यापर्यंत पोहोचते. वरच्यांनी जे सोडले ते आपण सोसतो, आणि आपण जे सोडतो ते समुद्र सोसतो. आपल्या वाडीतील बावखले आठवा. त्यांच्या पाण्यावर वाड्या पिकल्या आणि त्यांच्या काठावर आपले बालपण गेले. त्यांतील कित्येक आज बुजली आहेत. जी उरली आहेत त्यांच्याकडे आपण पाठ फिरवली आहे का?

बंधुभगिनींनो, पेटलेली नदी जर पन्नास वर्षांत माशांनी भरू शकते, तर आपल्याला निराश होण्याचे कारण नाही. फक्त आज सुरुवात करायला हवी.

कुटुंबात व विभागात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरातील सांडपाणी कोठे जाते, हे आपल्याला ठाऊक आहे का?

2. आपल्या विभागातील बावखल, ओढा किंवा खाडीकाठ याला आपण शेवटची भेट केव्हा दिली?

3. या महिन्यातील एका रविवारी, मिस्सानंतर, मुलांना घेऊन तेथे जाता येईल का? तेथे जे दिसले ते पुढच्या विभागीय सभेत सर्वांना सांगा.