बाजरीचा कोणता वाण ताण सोसतो?

प्रश्न : पाऊस लवकर उघडूनही जास्त पिकणारा वाण ताण सोसणारा समजावा का?

उत्तर : लगेच समजू नये. ‘एचएचबी ६७ सुधारित’ हा संकरित वाण सुमारे ६५ दिवसांत काढणीला येतो. ओल संपण्याआधीच त्याचे दाणे भरतात. ही ताणातून सुटका झाली, सहनशक्ती नव्हे. म्हणून चाचणीत एकाच सुमारास फुलोऱ्यावर येणारे वाण शेजारी लावावेत, निम्म्या वाफ्यांचे पाणी फुलोऱ्यापासून तोडावे आणि दाणाभरणी ओलिताच्या वाफ्यांशी ताडून पाहावी. ‘पदरात धान्य पडल्याशी मतलब’ असे कोणी म्हणेल. पाऊस दरवर्षी शेवटीच दगा देणार असेल, तर ते खरेही आहे. पण खंड फुलोऱ्याआधी पडला, तर उशिरा फुटवे देणारा वाण पुढच्या पावसावर सावरतो. अतिलवकर वाणाला तेवढी सवड नसते.