दिवाळीनंतर कोंबड्यांची अंडी का थांबतात?

प्रश्न : परसातल्या आमच्या गावरान कोंबड्या दिवाळीपर्यंत छान अंडी देत होत्या. आता खुराडं रिकामंच असतं. आजार असेल का?

उत्तर : ताई, आधी पिसं पाहा. खुराड्यात पिसांचा सडा असेल आणि मान, पाठ उघडी दिसत असेल, तर हा आजार नव्हे. दिवस लहान झाला की कोंबडी जुनी पिसं टाकते आणि तिला नवी येतात. पिसं मुख्यतः प्रथिनांची, त्यामुळे अंड्यासाठी शरीरात काही उरत नाही. साधारण दोन-तीन महिने असे जातात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर भागवू नका; शेंगदाणा पेंड, सुकटीचा चुरा द्या, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यांसाठी रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. हवा तर पहाटे एक दिवा लावा.

एखादी फुगून, कुरकुरत जागेवरच बसली असेल तर ती खुडूक आहे. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी मात्र सुरू ठेवा. गंजीआड, झुडपांतही शोधा, गावरान कोंबडी अंडी लपवते.

हिरवट हगवण, मान वाकडी किंवा धाप दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.