बॅटरी मलकापुरात बदलली तर?

प्रश्न : मोटारीची बॅटरी वारंवार उतरते. नवी मलकापुरात बसवली तर वॉरंटी जाते का? त्यासाठी कोल्हापूरच्या शोरूमलाच जावे का?
– एक वाचक, ता. शाहूवाडी

उत्तर : नव्या बॅटरीची वॉरंटी बॅटरी-कंपनी देते, त्यामुळे शोरूमची सक्ती नसते. जवळचा अधिकृत विक्रेता पुरतो. पुढे तक्रार आली तर तोच सोयीचा. मूळ बॅटरी वॉरंटीत असेल, तर मात्र आधी सर्व्हिस सेंटर गाठावे.

त्याआधी तपासणी हवी. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.४ असतो. तो वाढतच नसेल तर संशय अल्टरनेटरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर जातो, आणि नवी बॅटरीही उतरते. खर्च तेवढा फुकट!

पक्के बिल आणि शिक्क्याचे वॉरंटी कार्ड घ्यावे. जुन्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. ती विक्रेत्यालाच परत द्यावी, किमतीत सूटही मिळते.