मोठे टायर आणि मागील आसाचे गुणोत्तर

प्रश्न : जालन्याहून सळई नेणाऱ्या आमच्या ट्रकला ९.००-२० ऐवजी १०.००-२० टायर घातले. चढावर गाडी मंदावते. क्राउन-पिनियन बदलावे काय? – एक मालवाहतूकदार, जालना

उत्तर : नव्या टायरचा व्यास जुन्याहून सुमारे साडेतीन टक्के अधिक असल्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी तितकीच अधिक पुढे सरते, आणि त्याच प्रमाणात रस्त्यावर पोहोचणारे ओढबळ घटते, वेगमापक ६० दाखवील तेव्हा प्रत्यक्ष वेग ६२ असतो. मागील आसातील क्राउनला ४१ व पिनियनला ७ दाते असतील, तर गुणोत्तर ५.८६, भरपाईसाठी ते साडेतीन टक्क्यांनी वाढविल्यास ६.०६ येते, आणि ४३/७ ची जोडी, म्हणजे ६.१४, त्याच्या निकट बसते. मात्र एवढ्या अल्प फरकासाठी आस उघडण्याचा खर्च, गाडी बहुधा समृद्धी महामार्गाच्या सौम्य चढउतारावरच धावत असेल, तर मला अनाठायी वाटतो. याउलट, पूर्ण भार घेऊन कसारा घाट उतरणे आणि परतीचा माल घेऊन तोच चढणे हा नित्यक्रम असेल, तर बदल अवश्य करावा, कारण उतारावर मोठ्या चाकामुळे इंजिनाचा अटकाव क्षीण होतो (ब्रेकची पकडही, पण ती या बदलाने भरून येत नाही), व ही बाब जिवाशी निगडित आहे. दोन्ही दंतचक्रे जोडीनेच बदलावीत. जोड चाकांच्या टायरच्या भिंती भाराखाली एकमेकींस घासत नाहीत ना, हे आधी हाताने चाचपून पाहावे. मोठ्या टायरमुळे अधिक भाराची मुभा मिळत नाही. आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे वाहनातील फेरबदलांविषयीचे कलम ५२ लक्षात घेऊन, कारागिरास गाडी सोपविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.