ख्मेर देशाची धम्मयात्रा : काय पाहावे, कसे पाहावे



बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या स्थळांची माहिती आता आपल्या घराघरात आहे. कंबोडिया देशाची तशी नाही. तेथे ख्मेर लोक राहतात व त्यांच्यापैकी बहुतेक सर्व बौद्ध आहेत. त्या देशाची सहा दिवसांची सहल करता येते. बरोबर वाटाड्या असतो. तो मोटारीतून उतरवतो, राजाचे नाव सांगतो, शिखराची उंची सांगतो, फोटोसाठी दहा मिनिटे देतो आणि पुढे नेतो. एवढ्याने पाहणे होत नाही. आपल्या माणसाला तेथे दोन प्रश्न हमखास पडतील. हे तर विष्णूचे देऊळ, मग आपण येथे कशाला आलो? आणि हे लोक बौद्ध असताना भातांचे पिंड का देतात? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे दगडांतच आहेत. दगड वाचता आला पाहिजे. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनीही हा पाठ मुलांना जवळ बसवून वाचावा.

यात्रेची सुरुवात राजधानी नोम पेन्ह येथील राष्ट्रीय संग्रहालयापासून करावी. हे संग्रहालय १९२० साली सुरू झाले. सुंदर मूर्ती पाहून झाल्यावर शिलालेखांकडे वळा. तेथे बहुतेक लोक थांबत नाहीत, म्हणून तुम्ही थांबा. जुन्या ख्मेर शिलालेखांत बहुधा दोन भाषा असतात. संस्कृत भागात देवाची आणि राजाची स्तुती असते. ख्मेर भागात देवळाला दिलेल्या वस्तूंची यादी असते : इतकी शेते, इतकी जनावरे आणि इतकी माणसे. होय, माणसे! तारीख कोरलेला सर्वांत जुना ख्मेर लेख इ. स. ६११ चा आहे, त्यातही देवळाला दिलेल्या माणसांची यादी आहे. या दासांपैकी काहींची नावे फुलांची आहेत. काहींची कुत्रा, मांजर, किळसवाणा अशा अर्थाची आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. कचरू, धोंडू, दगडू, उकिर्डा. मुलांना ही नावे सांगायला लाजू नका. राजाची स्तुती एका भाषेत आणि राबणाऱ्यांची मोजदाद दुसऱ्या भाषेत, ही गोष्ट आपल्याला जितकी चटकन समजेल तितकी इतर प्रवाशांना समजणार नाही.

त्याच संग्रहालयात सातव्या जयवर्मनची बसलेली मूर्ती आहे. हात तुटलेले आहेत, डोळे मिटलेले आहेत. अंगावर दागिना नाही, डोक्यावर मुकुट नाही. या राजाची गाठ पुढे पडणार आहे.

दुसऱ्या दिवशी मोटारीने सियेम रीपकडे निघावे. वाटेत सांबोर प्रेई कुक येथे सातव्या शतकातील ईशानपूर या राजधानीचे अवशेष आहेत. विटांची देवळे आहेत, झाडी दाट आहे. तास-दीड तास पुरे. सियेम रीपजवळचा नोम कुलेन हा डोंगर मात्र समजून घ्यावा. याचे जुने नाव महेंद्रपर्वत. इ. स. ८०२ मध्ये येथे एका ब्राह्मणाने विधी करून दुसऱ्या जयवर्मनला चक्रवर्ती केले, असे १०५२ च्या एका शिलालेखात लिहिले आहे. तो शिलालेख राजाने नव्हे, राजपुरोहिताच्या घराण्याने कोरविला. आमच्याच घराण्याने हे पौरोहित्य करावे असे ठरले, आम्हांला ही ही गावे मिळाली, असा त्याचा मजकूर आहे. अडीचशे वर्षे एक पद एका घराण्यात! विधी कोणी केला आणि जमीन कोणाला मिळाली, हे दोन प्रश्न प्रत्येक देवळापाशी विचारावेत. मी शाळेत इतिहास शिकवतो. पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायात हे प्रश्न सहसा नसतात.

तिसरा दिवस अंगकोर वाटचा. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने हे मंदिर विष्णूसाठी बांधले. मधले शिखर सुमारे ६५ मीटर उंच आहे, भोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. दगड कुलेन डोंगरातून आणला. ‘जगातील सर्वांत मोठे हिंदू मंदिर’ असे वाटाड्या सांगेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका. बांधले तेव्हा ते विष्णूचेच होते. पण त्याला त्याच्या नावाचा अर्थ विचारा. ‘अंगकोर’ हा शब्द ‘नगर’पासून आला आणि ‘वाट’ म्हणजे विहार. नगरातील विहार! कित्येक शतके ही वास्तू बौद्धांच्या वापरात आहे. राजधानी येथून गेली, जंगल वाढले, तरी भिक्खू येथून गेले नाहीत. दूरदूरचे उपासक येथे बुद्धमूर्ती आणून ठेवीत. १६३२ साली जपानमधून आलेल्या एका उपासकाने एका खांबावर शाईने लेख लिहिला. या जागेलाच तो तथागतांचे जेतवन समजला होता. भूगोल चुकला खरा, पण ही वास्तू कोणाची म्हणून ओळखली जात होती ते त्यावरून कळते. पश्चिमेच्या दारात आजही एक आठ हातांची जुनी मूर्ती आहे. ती विष्णूची समजली जाते व तिला तेथील लोक फुले-उदबत्ती वाहतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले आहोत. आपण हात जोडू नयेत. जे जोडतात त्यांच्याकडे पाहून नाक मुरडण्याचेही कारण नाही.

चौथा दिवस सर्वांत महत्त्वाचा. येथे घाई करू देऊ नका. ११७७ साली चाम लोकांनी अंगकोरवर हल्ला केला. त्यांना हटवून ११८१ मध्ये सातवा जयवर्मन गादीवर बसला. हा राजा महायान बौद्ध होता. अंगकोर थोम हे तटबंदीचे शहर आणि त्याच्या मध्यभागी असलेले बायोन त्याने बांधले. बायोनच्या शिखरांवरील मोठमोठे शांत चेहरे तुम्ही चित्रांत पाहिले असतील. ते पाहून झाले की खाली उतरा आणि बाहेरच्या भिंतीवरील कोरीव काम पाहा. बाजारात मासे विकणारी बाई, कोंबड्यांची झुंज लावणारे लोक, चुलीवरचे भांडे, बाळंत होणारी स्त्री. आठशे वर्षांपूर्वीचे साधे लोक येथे दगडावर आले आहेत.

या राजाने रुग्णालये काढली. ता प्रोमच्या ११८६ च्या शिलालेखात राज्यातील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. रुग्णालयांपाशी उभारलेल्या शिलालेखांतून बरेच तपशील मिळतात : दोन वैद्य, त्यांचे मदतनीस, मध, साखर, कापूर, मिरी अशी औषधे. प्रजेचे दुखणे राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक लागते, असा त्यांचा आशय आहे. आणखी एक वाक्य आपल्या कामाचे आहे. येथे चारही वर्णांच्या लोकांवर उपचार व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वर्णांची भाषा तेथवर पोहोचली होती, आणि या दाराशी ती अडवली गेली होती. ता केओ मंदिराजवळ रस्त्याच्या कडेला अशा एका रुग्णालयाच्या प्रार्थनास्थानाचे अवशेष आहेत. पडक्या, लहानशा वास्तूपाशी गाड्या थांबत नाहीत. वाटाड्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आता ता प्रोम. मोठमोठ्या मुळांनी भिंती कवटाळलेल्या आहेत, म्हणून तेथे फार गर्दी असते. याचे मूळ नाव राजविहार. राजाने आपल्या आईच्या नावे, प्रज्ञापारमितेच्या रूपात ते स्थापन केले. पण याच ठिकाणचा तोच शिलालेख असेही सांगतो की या विहाराच्या सेवेला ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावलेली होती. बौद्ध राजा म्हणून आपण येथे डोळे मिटून घेऊ नयेत. रुग्णालय काढणारा हाच आणि हजारो गावांचा भात दगडी भिंतींच्या आत ओढणारा हाच. आपल्या घरात एखाद्या राजाचा फोटो लावण्यापूर्वी दोन्ही आकडे मुलांना सांगावेत, असे माझे मत आहे.

भिंतींवर ओळीने लहान लहान कोनाडे दिसतील. त्यांत काहीच नाही. जवळ जाऊन पाहा, बोट फिरवू नका, नुसते पाहा. छिन्नीचे घाव दिसतील. प्रत्येक कोनाड्यात ध्यानस्थ बुद्ध होते. ते एकेक करून तासून काढले आहेत. प्रेह खान येथेही तसेच. काही ठिकाणी बुद्धांना दाढी कोरून ऋषी केले आहे, काही ठिकाणी लिंग. तेराव्या शतकात हे घडले. बहुतेक विद्वान शैव राजा आठव्या जयवर्मनच्या काळाकडे बोट दाखवतात. बायोनच्या मध्यभागी असलेली मुख्य बुद्धमूर्ती फोडून खाली टाकलेली होती. १९३३ मध्ये जॉर्ज त्रूवे या फ्रेंच माणसाला ती मधल्या विहिरीसारख्या खड्ड्यात तुकड्यांनी सापडली. तुकडे जोडून ती आता अंगकोर थोममध्ये बसविली आहे. बांते कदेई येथे २००१ साली जपानी व ख्मेर अभ्यासकांना जमिनीत पुरलेल्या २७४ बुद्धमूर्तींचे अवशेष मिळाले. बऱ्याच मूर्ती मुचलिंद नागाच्या वेटोळ्यावर बसलेल्या आहेत, पावसात तथागतांवर फणा धरणारा तो नाग. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता, तो आपल्या मुलांना येथे सांगता येईल. दोहोंचे नाते मात्र ओढूनताणून जोडू नये.

मूर्ती तासल्या, पण धम्म संपला नाही. का संपला नाही? याचे उत्तर मोठ्या मंदिरात मिळत नाही. १२९६ साली चौ ता-कुआन नावाचा चिनी वकिलातीतील माणूस येथे आला. त्याने लिहून ठेवले आहे की पिवळी चीवरे घातलेले, मुंडन केलेले भिक्खू दिवसातून एकदा जेवतात आणि त्यांच्या विहारात एकच मूर्ती असते, मातीची, रंगवलेली. आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारासारखेच हे वर्णन आहे. त्याच माणसाने दासांबद्दलही लिहिले : त्यांनी घराच्या खाली राहायचे, कामासाठी वर यायचे तर गुडघे टेकून व हात जोडून. या घराखालच्या माणसांना राजाच्या दगडी शिखरात जागा नव्हती. मातीच्या मूर्तीसमोर होती, असे मला वाटते. १३०९ सालचा पाली शिलालेख सापडतो, आणि १३२७ नंतर संस्कृत शिलालेख थांबतात. तेथपासून थेरवाद ख्मेर खेड्यांचा धर्म झाला. विहारात मुले लिहायला-वाचायला शिकू लागली. आजही ख्मेर भाषेत शाळेला ‘साला’ आणि शिक्षकाला ‘क्रू’ म्हणजे गुरू म्हणतात.

म्हणून पाचवा दिवस खेड्यातील चालत्या विहारासाठी ठेवा. भाद्रपद वद्यात गेलात तर पचुम बेन हा पंधरा दिवसांचा सण पाहायला मिळेल. ‘बेन’ म्हणजे पिंडच. पहाटे लोक पूर्वजांसाठी भाताचे गोळे टाकतात, विहारात अन्न नेतात, भिक्खू पाली सुत्ते म्हणतात, मग सगळे मिळून जेवतात. आपल्याकडील पितृपक्षाचेच हे दिवस. आपली सहावी प्रतिज्ञा आपल्याला यापासून दूर ठेवते, आणि ते योग्यच आहे. ख्मेरांकडे धम्म हळूहळू, कित्येक पिढ्यांत आला. जुने त्यात राहून गेले. त्यांनी एका दिवशी उभे राहून प्रतिज्ञा घेतल्या नाहीत. आपण घेतल्या. जेवणाच्या पंक्तीला मात्र जरूर बसावे. ब्राह्मण मध्ये नाही, दक्षिणा नाही, आणि उरलेले अन्न गरिबांना व विहारात राहणाऱ्या मुलांना मिळते.

सीमेवरचे प्रेह विहेर मंदिर या पाठात घेतलेले नाही. २०२५ साली तेथे कंबोडिया व थायलंड यांच्यात लढाई झाली.

सहाव्या दिवशी पुन्हा नोम पेन्ह. तेथील तुओल स्लेंग हे ठिकाण पाहताना लहान मुलांना बाहेर ठेवावे. ही पूर्वी शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने तिचा छळतुरुंग केला. वर्गांत विटांच्या कोठड्या आहेत. काही भिंतींवर फळे अजून आहेत. हजारो माणसे आत गेली, जिवंत सुटली ती बोटांवर मोजण्याइतकी. देशात सुमारे १५ ते २० लाख लोक उपासमारीने, आजाराने, श्रमाने आणि हत्येने मेले. एकूण लोकसंख्या आठ कोटी नव्हे, जेमतेम ८० लाख होती. शिकलेल्यांवर विशेष रोख होता. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. संघराज हुओत तात यांची हत्या झाली. च्योंग एक येथे मृतांच्या कवट्या एका स्तूपात ठेवल्या आहेत. तेथे चपला काढून जावे.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये नोम पेन्हच्या उण्णालोम विहारात सात जणांनी पुन्हा चीवर घेतले. त्याआधी भंते महाघोसानंद थायलंडच्या सीमेवरील निर्वासित छावण्यांत मेत्तसुत्ताचे छापील कागद वाटत फिरले होते. ते आपल्या नालंदा येथे शिकलेले. वैराविषयीची धम्मपदातील गाथा ते म्हणू लागले की पुढे बसलेली माणसे रडत. १९९२ पासून त्यांनी भूसुरुंग पेरलेल्या भागांतून धम्मपदयात्रा काढल्या. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

वेळ उरला तर नोम पेन्हमधील बौद्ध संस्थेत जा. ही १९३० साली स्थापन झाली. पाली मूळ आणि समोर ख्मेर भाषांतर असे त्रिपिटकाचे ११० खंड तेथील भिक्खूंनी व पंडितांनी सुमारे चाळीस वर्षे खपून तयार केले, म्हणजे शेतकऱ्यालाही स्वतःच्या भाषेत बुद्धवचन वाचता यावे. काम १९६९ साली पुरे झाले. सहा वर्षांनी देशातील ग्रंथालये उद्ध्वस्त झाली. परदेशांत गेलेल्या प्रतींवरून हे खंड १९९० नंतरच्या दशकात पुन्हा छापले, आणि ते पुन्हा विहारांच्या कपाटांत आहेत. विचारलेत तर भिक्खू एखादा खंड काढून दाखवतील. लिपी आपल्याला येणार नाही, पण पाली बाजू त्यांना वाचायला सांगा. त्रिशरण ऐकताच तुमची मुले सोबत म्हणू लागतील.