सगळं कटेपर्यंत

भोपाळमध्ये भूमिती शिकवताना संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलांना जे सांगत आलो, ते असं.

१. आधी गोल घ्या. त्याची वक्रता म्हणजे एक भागिले त्रिज्येचा वर्ग. क्षेत्रफळ ४ पाय गुणिले तोच वर्ग. गुणाकारात त्रिज्या कटते, उरतात ४ पाय. आता गोलाला पोचा पाडा. कुठे वक्रता वाढेल, कुठे ऋण होईल, बेरीज मात्र ४ पायच. मेदुवड्याच्या पृष्ठभागाची बेरीज शून्य. हेच गाऊस-बॉने प्रमेय. ते नुसतं वाचून पुढे जाणाऱ्याला मी थांबवतो. दीर्घवर्तुळजाचं गणित वहीत उतरवायला लावतो. एकदा एक मुलगी फळ्यापाशीच ओरडली, ‘सर, सब कट गया!’ त्या दिवशी पुढचं शिकवलं नाही.

२. आपल्या मध्य प्रदेशातल्या गुन्याचे गणिती विजयकुमार पटोदी माहीत असायलाच हवेत. जन्म १९४५, शिक्षण उज्जैन आणि बनारसला, संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मकीन आणि सिंगर या गणितज्ञांनी १९६७ मध्ये एक शंका मांडली होती. वक्र अवकाशात उष्णता पसरू लागते, त्या पहिल्या क्षणांच्या सूत्रात भयंकर पदं येतात. ती प्रत्येक बिंदूपाशी आपापसांत कटून नेमकं गाऊस-बॉनेचं सूत्र उरतं का? दोन मितींत ते दिसत होतं. वरच्या मितींत नुसता पदांचा बुजबुजाट. भलेभले तिथून मागे फिरले असते. पटोदींनी १९७१ मध्ये सगळ्या मितींसाठी ते सिद्ध केलं, आणि त्याच वाटेने कॉम्प्लेक्स भूमितीतल्या केलर अवकाशांसाठी रीमान-रॉख-हिर्झेब्रुख प्रमेयही.

३. ‘का’ नंतर कळलं तरी चालतं. ही काटाकाट अटळ का, याचं अधिक सुटसुटीत उत्तर अतिया, बॉट आणि पटोदी यांनी १९७३ मध्ये दिलं. आधी ‘का’ हवं म्हणून अडून बसणारी हुशार मुलं मी बरीच पाहिली. त्यांच्या वह्या कोऱ्या असतात.

४. ‘आपल्याकडे वातावरण नाही’ ही तक्रार मला पटत नाही. पटोदींनी संशोधनाला सुरुवात मुंबईतच केली. पुढे अतिया आणि सिंगर यांच्याबरोबरचे त्यांचे लेख १९७५-७६ चे. कड असलेल्या आकारांच्या अभ्यासात आजही त्या लेखांशिवाय पान हलत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने १९७६ च्या डिसेंबरात पटोदी गेले, तेव्हा वय होतं ३१.

५. १९७१ चे त्यांचे दोन्ही लेख ‘जर्नल ऑफ डिफरन्शियल जॉमेट्री’च्या पाचव्या खंडात लागोपाठ आहेत. पहिल्यापासून सुरुवात करा, आणि हातात पेन घेऊनच बसा.